नावं ठेवणारा जावई

शहरातल्या झाडून सगळ्या आडबाजूच्या खानावळींवर वाटाड्यानं लिहिलं होतं. राहिली होती ती एकच, सासूची. ती राहिलीच पाहिजे, याबद्दल मात्र सासू-जावयाचं एकमत होतं. दुसऱ्या कशाबद्दल ते कधी झालं नाही.

‘वाटाड्या’ हे त्याचं पेपरातलं नाव. दर शनिवारी ‘मागच्या दारानं’ या सदरात तो लोकांना त्यांच्या नाकासमोर असून न दिसणाऱ्या जागा दाखवायचा. परमुलखातून येऊन इथे चूल मांडलेल्या माणसांची चार टेबलांची हॉटेलं, आणि त्यांच्या आसपास बघण्यासारखं काहीबाही: एका कुलूपवाल्यानं दुकानामागच्या खोलीत मांडलेलं कुलपांचं संग्रहालय, नदीखालून जाणारा पायी बोगदा, पोहण्याचा कोरडा तलाव, ज्याच्या तळाशी आता म्हातारे बुद्धिबळ खेळत बसतात. वर्षाअखेर या लेखांचं पुस्तक निघायचं आणि ते हातात धरून लोक गल्लीबोळांतून पत्ते शोधत हिंडायचे. वाटाड्यानं ‘जा’ म्हटलं की दारात रांग, आणि ‘जाऊ नका’ म्हटलं की मालकाच्या डोळ्यांसमोर काजवे. पण फुकट जेवून कुणाची भलामण त्यानं कधी केली नाही, हे त्याचे शत्रूही कबूल करायचे. आणि शत्रू काही थोडेथोडके नव्हते. त्यात पहिला नंबर सासूचा.

वैराचं मूळ पहिल्याच जेवणात होतं. लग्नाचं बोलायला म्हणून तो तिच्या खानावळीत गेला, तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या आणि अक्कल फुटायची होती. सासूचे लोक समुद्रापलीकडून आलेले. त्यांच्याकडचं काळसर रश्श्यातलं मटण तिनं स्वतःच्या हातानं वाढलं आणि पदराला हात पुसत समोर उभी राहिली. या शहाण्यानं पहिला घास गिळला आणि म्हणाला, “छान आहे, पण मसाला आणखी जरा भाजायला हवा होता.” होणारा सासरा तेवढा खो खो हसला, आणि त्याबद्दल त्याला आठवडाभर शिळं खावं लागलं.

तेव्हापासून पंधरा वर्षं, दर रविवारी, खानावळ बंद असली की घरचे सगळे तिथे जेवायला जमायचे आणि तोफा सुटायच्या.

“आज आंबट फार झालंय.”

“आंबट तोंडाला सगळं आंबटच लागणार, जावईबापू.”

“तेल कालचं दिसतंय.”

“तेल आजचं आहे. तुमचीच अक्कल शिळी आहे.”

सासरा वारला, मेव्हणा दूरदेशी निघून गेला, पण रविवार काही चुकला नाही. सासूनं एकदाही “बरं, बघते” म्हटलं नाही आणि जावयानं एकदाही “चांगलं झालंय” म्हटलं नाही. दोघांच्या मधे त्याची बायको मान खाली घालून जेवायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, “छान आहे.” तिला लहानपणापासून वळणच तसं लावलं होतं. ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, समोर येईल ते छान म्हणून खायचं. ज्या बाईनं हे वळण लावलं तिच्याच वाट्याला असा जावई यावा, याला देवाघरचा न्याय म्हणतात.

मग दीड वर्षापूर्वी वाटाड्याला ताप आला. आठवडाभरात गेला, पण जाताना वास घेऊन गेला आणि वासामागोमाग चवही. सकाळचा चहा म्हणजे गरम पाणी आणि मटण म्हणजे चघळायची एक वस्तू, असं होऊन बसलं. डॉक्टर म्हणाला, येईल परत, वाट बघा. वाटाड्यानं वाट बघितली. चव काही आली नाही.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगून करणार काय? ज्याचं पोट जिभेवर, त्यानं आपलीच जीभ गेली म्हणून बोंब मारायची? घर त्या शनिवारच्या पानावर चालत होतं, आणि तिथे आपल्या भाच्याला बसवायला संपादक टपलेलाच होता. तेव्हा त्यानं शक्कल लढवली. तिखट त्याला कळायचं, कारण तिखट झोंबतं. कुरकुरीत, लुसलुशीत, गारढोण हेही कळायचं. बाकीचं तो दुसऱ्यांच्या ताटांवरून ठरवायचा. कोण पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतोय, कोण पुन्हा रस्सा मागतोय, कोण नुसतंच पाणी ढोसतोय, कुणी काय कडेला सारून ठेवलंय. दोनतीन फेऱ्या मारल्या की अंदाज बांधता यायचा, आणि उरलेला लेख तो बोगद्यावर नाहीतर बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांवर मारून न्यायचा. वाचकांची पत्रं यायची, हल्ली तुम्ही जागेचं वर्णन काय सुंदर करता! हे कौतुक वाचलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रविवारी मात्र पंचाईत होती. तिथे बघायला ताट म्हणजे बायकोचं, आणि ती काहीही वाढलं तरी पुसून खायची. बरं, गप्प बसावं तर सासू दोन मिनिटांत ओळखणार. मग तो नुसतंच ठोकून द्यायला लागला. “मसाला करपलाय.” “आंबटाचा कहर झालाय.” “लसूण उग्र लागतोय.” इतक्या वर्षांच्या सवयीनं टोमणे आपसूक यायचे. सासूही पूर्वीसारखीच फणकारायची. चला, निभावलं, असं त्याला वाटलं.

इकडे सासूची खानावळ बसायला लागली. शेजारच्या कचेरीतली कारकुनांची टोळी आधी यायची बंद झाली, मग छापखान्यातले कामगार. तिचे स्वतःचे लोक तर केव्हाच शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले होते. शेवटी वाढपीही सोडून गेला. वाटाड्याची बायको दाताच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावायचं काम करायची. एका संध्याकाळी ती तिथून आली ती खांद्यावरची पर्सही न काढता त्याच्यापुढे उभी राहिली.

“आई जागा सोडतेय. महिनाअखेर. मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी घेतोय.”

“वय झालं त्यांचं,” वाटाड्या म्हणाला. “आराम करू दे.”

“आराम? ती बाई भांड्यांशिवाय चार दिवस जगायची नाही.” तिचा आवाज चढला. “साऱ्या गावातल्या परक्यांना तू वर काढलंस. माझ्या आईला एक शनिवार देता येत नाही तुला?”

“लोक म्हणतील, सासूची तळी उचलली.”

“म्हणू देत! इतकी वर्षं तिचे वाभाडे काढलेस, तेव्हा विचारलं होतंस का लोकांना?”

वाटाड्यानं शेवटचा पत्ता टाकला. “आणि तुझी आई मला लिहू देईल? मला बघितलं की तिला पित्त होतं.”

“तिनंच बोलावलंय तुला. गुरुवारी दुपारी, एकट्याला. मी जेवणाच्या सुट्टीत मागून येते.”

वाटाड्या सावध झाला. ही बाई आपणहून बोलावतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

खानावळ रस्त्यापेक्षा खालच्या अंगाला होती. पायऱ्या उतरायच्या, दाराशी वाकायचं, नाहीतर चौकट कपाळावर बसायची. आत सहा टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं मेणकापड, धुरानं पिवळा पडलेला पंखा आणि मागे उघडं स्वयंपाकघर. ऐन जेवणाच्या वेळी गिऱ्हाईक एकच, एक कुरिअरवाला, हेल्मेट शेजारच्या खुर्चीवर ठेवून जेवणारा. वाटाड्याची नजर सवयीनं त्याच्या ताटावर गेली. भात संपला होता, मटण जवळपास तसंच. कुरिअरवाला उठला, पैसे ठेवले, “छान होतं हं काकू” म्हणाला आणि पायऱ्या चढून पसार झाला.

“बसा, जावईबापू.” सासू उंचीनं बेताची होती आणि आवाजानं भरपूर. पण आज तिनं आवाज जपून काढला. ताट आणलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. समोरची खुर्ची ओढून ती बसली. “खा.”

वाटाड्या खायला लागला. गरम होतं, मऊ होतं, त्यापलीकडे काही नव्हतं. रश्श्यावर तवंग होता, रंग गडद होता. कुरिअरवाल्यानं मटण टाकलं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे नक्की. काय बिघडलंय, एवढंच ठरवायचं होतं. त्यानं अंधारात तीर मारला.

“मीठ जास्त पडलंय.”

“हं. आणखी?”

हे ‘आणखी’ नवीन होतं. एरवी एव्हाना त्याच्या खानदानाचा उद्धार सुरू व्हायचा.

“मसाला करपवलाय तुम्ही.”

“आणखी?”

त्यानं वेळ काढायला एक मोठा घास तोंडात कोंबला. “तेल जुनं आहे,” तो चावता चावता म्हणाला.

सासू त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो घास त्यानं पूर्ण गिळेपर्यंत ती बघत राहिली.

“मीठ घातलेलंच नाही त्यात,” ती म्हणाली. “तुझ्या ताटातलं मटण मी वेगळं काढलं. साखर घातलीय. चांगली दोन मुठी.”

वाटाड्याचा चमचा ताटातच राहिला. तिनं आज पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं आणि त्याला ते लक्षात घ्यायलाही सवड नव्हती.

“गेल्या रविवारी म्हणालास, कांदा कच्चा राहिलाय. त्या रश्श्यात कांदाच नव्हता. मी म्हटलं, चुकून बोलला असेल. मग म्हटलं, हा मेला कसला चुकतोय!” तिनं ताट त्याच्यापुढून अर्धवट सरकवलं. “कधीपासून?”

त्यानं सांगितलं. ताप, वास, दीड वर्ष. सांगताना त्याला शरम वाटायला हवी होती, पण आला तो संताप. या बाईनं सापळा लावावा आणि आपण उंदरासारखं त्यात जावं! “झालं समाधान?” तो ओरडला. “आता पिटा दवंडी गावभर! जावयाची जीभ गेली म्हणून पेढे वाटा!”

पण सासूचं लक्षच नव्हतं. ती मनाशी मागे मागे जात होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला असं बघायची वाटाड्याला सवय नव्हती.

“मसाला करपतोय म्हणालास,” ती म्हणाली. “मी भाजणं कमी केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणालास, मी आणखी कमी केलं. आंबट फार म्हणालास, मी आंबट काढून टाकलं. लसूण उग्र म्हणालास, लसूण बंद केला. त्याच सुमाराला कारकून यायचे बंद झाले.”

वाटाड्याच्या डोक्यात आधी प्रकाशच पडेना. “म्हणजे तुम्ही माझं ऐकून?”

“मग कुणाचं?”

“पण तुम्ही तर कधी एकदासुद्धा...”

“तुझ्या तोंडावर ऐकू? वेड लागलंय मला?” आता तिचा नेहमीचा आवाज फुटला. “तू गेलास की सोमवारी करून बघायची मी. पहिल्या दिवशी म्हणालास मसाला आणखी भाजा. दुसऱ्या दिवशी भाजला. तुझा मुडदा बसवला, खरं होतं! तेव्हापासून प्रत्येक रविवारचं. तू दुष्ट होतास, पण खोटा नव्हतास.”

“स्वतः चाखून बघायचं ना मग!”

“सारा जन्म त्याच भांड्यावर वाकलेल्या बाईला आपल्या रश्श्यात काय कळणार आहे? आपला तो बाब्याच असतो. आणि गिऱ्हाइकं ‘छान होतं काकू’ म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, आत्ता बघितलंस ना? या जगात माझं बरं चिंतत नाही असा एकच माणूस मला ठाऊक होता. म्हटलं, हा कशाला मन राखेल माझं? तुझ्या रागाच्या भरवशावर हॉटेल चालवलं मी. आणि तू...” तिला पुढचा शब्द सापडला नाही. शिव्यांची खाण असलेल्या बाईला शब्द सापडला नाही, आणि वाटाड्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पंधरा वर्षं या बाईनं त्याचे टोमणे चोरले होते, आभाराचा शब्द न काढता. आणि दीड वर्ष त्यानं तिला विष पाजलं होतं, न कळता. दोन्हींचा राग आला, पण दुसरा जास्त जाळत होता.

“मी लिहितो,” तो शेवटी म्हणाला. “याच शनिवारी. मोठं लिहितो. रांग लागेल इथे.”

“आणि रांगेतल्यांच्या तोंडात काय घालू? तू शिकवलेलं?” तिनं हात झटकला. “मला जुनी चव परत बसवायचीय. त्याला खरं बोलणारं माणूस पाहिजे. ती चव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलंय आता.”

“तिला विचारा की.”

“विचारते. ‘छान आहे गं आई’ म्हणते. तिला तसं वळण मीच लावलं, आता भोगतेय. तिला वाटतं, नावं ठेवायला तू आहेस, तिला काय गरज? ती आत्ता येईल. तिला सांग, तुझी जीभ गेलीय म्हणून. नावं ठेवायला तू उरला नाहीस हे कळलं की ती तोंड उघडेल. उघडावंच लागेल.”

“तुम्हीच सांगा ना.”

“मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी जाता जाता जावयाच्या पोटावर उठलीय. तुझ्याबद्दल माझा एक शब्द तरी ती खरा धरेल का? तू सांग. तुझ्या तोंडानं.”

पायऱ्यांवर पावलं वाजली. वाटाड्याला आपल्या बायकोची चाल ओळखू येत होती. तिला सांगायचं म्हणजे काय, हेही ठाऊक होतं. एवढे दिवस माझ्यापासून लपवलंस? आणि पेपरात काय लिहीत होतास मग? आधी रडेल, मग त्याच पावली त्याला संपादकाकडे पाठवेल, कारण ती सरळ बाई होती. भाच्याची खुर्ची पक्की. आणि इतकी वर्षं कमावलेला शब्द चहाच्या टपरीवर चघळायला. दुसऱ्या बाजूला सासू बसली होती, टेबलावर दोन्ही मुठी ठेवून, त्याच्याकडे एकटक बघत. तिच्या नजरेत विनंती नव्हती. होता तो हुकूम, आणि त्याखाली असलं तर थोडंसं भय.

बायको दारात वाकून आत आली. दवाखान्याचा निळा कोट अंगात तसाच होता. तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

“मग?” ती म्हणाली. “सांग ना. कसं झालंय?”

वाटाड्यानं तोंड उघडलं. सांगायचं ते जिभेच्या टोकाशी आलंही होतं.

“चांगलं झालंय,” तो म्हणाला.

बायको जागच्या जागी थबकली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की त्याला बघवेना. “ऐकलंस, आई? अगं, ऐकलंस का? पंधरा वर्षांत पहिल्यांदा!” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं त्याच्या शेजारी बसून त्याच्याच ताटातला चमचा उचलला आणि मटणाचा मोठा घास तोंडात घातला.

चावता चावता ती थांबली. क्षणभर तिचे डोळे विस्फारले. तिनं आईच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, अर्ध्या संपलेल्या ताटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे असलं मटण यानं माझ्या आईसाठी मुकाट्यानं खाल्लं आणि वर चांगलं म्हणाला, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तिनं टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला आणि घास कसाबसा गिळला.

“छानच झालंय गं आई,” ती म्हणाली. “अगदी पूर्वीसारखं.”

सासूनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग उठली, ताट उचललं आणि आत नेऊन बादलीत रिकामं केलं. परत आली ती फोन हातात घेऊनच.

“हां, कव्हरवाले ना? मी बोलतेय, खानावळीतून,” ती म्हणाली. “महिनाअखेरपर्यंत कशाला थांबताय? उद्याच या.”